घरातील शुश्रूषेचे मोल कसे ठरवावे?

धुळे शहरात पांझरेच्या उत्तर तीरावर वसलेले देवपूर हे शाळा-महाविद्यालयांचे आणि पर्यायाने शिक्षक, प्राध्यापक, लिपिक अशा नोकरदार कुटुंबांचे उपनगर म्हणून ओळखले जाते. वाडीभोकर रोड, नकाणे रोड या परिसरात ज्या पिढीने कर्ज काढून घरे बांधली ती पिढी आता थकली आहे. मुले शिकली, आणि शिकली म्हणूनच गाव सोडून नाशिक-पुण्याला, काही त्याहूनही दूर गेली. मागे दोन वृद्ध जीव उरतात. त्यांपैकी एकाला पक्षाघात झाला किंवा पडून मांडीचे हाड मोडले की दुसऱ्याच्याने ते ओझे उचलत नाही. दिवसभरासाठी माणूस ठेवण्याची अशा घरांची ऐपत नसते, आणि पुष्कळदा तशी गरजही नसते. सकाळी स्नान, कपडे, औषध आणि न्याहारी यांपुरते तीन तास व संध्याकाळी दोन तास कोणी आले तरी निभावते. मग ओळखीपाळखीतून एखादी बाई मिळते, आणि पहिल्याच दिवशी उंबऱ्यात उभ्याउभ्या प्रश्न निघतो, "बाई, काय घेणार?" त्यावर बहुतेक वेळा उत्तर येते, "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते."

हे उत्तर ऐकून घरच्यांना बरे वाटते. वस्तुतः त्यात समाधान किंवा भिडस्तपणा यांपेक्षा सावधगिरीच अधिक असते. जास्त बोललो तर काम दुसरीकडे जाईल हे त्या बाईला अनुभवाने ठाऊक असते. "योग्य वाटेल ते" ठरविण्याची जबाबदारी अशा रीतीने एकट्या घरावर येऊन पडते आणि घर ती शेजाऱ्यावर ढकलते. शेजारी काय देतात ते विचारले जाते. शेजाऱ्यांनी ते आपल्या शेजाऱ्यांना विचारलेले असते. साऱ्या वसाहतीत एक आकडा फिरत राहतो, आणि तो मुळात कोणी, कोणत्या हिशेबाने काढला याचा पत्ता लागत नाही. भाजीच्या जुडीची घासाघीस करणारी, बँकेच्या व्याजाचा पाव टक्का ध्यानात ठेवणारी माणसे या एका बाबतीत हिशेब करीतच नाहीत, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

ज्या खानदेशात हे घडते तेथील खेड्यांची रीत याहून वेगळी आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे जुने साल संपते व नवे ठरते. वर्षाची रोख रक्कम किती, धान्य किती, कपडे कोणते, उचल किती आणि खाडे किती चालतील, हे सारे बोलून ठरते. सालदारकीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उचलीच्या कर्जात अडकून एकाच मालकाच्या दारी वर्षानुवर्षे राबणारी कुटुंबे या पद्धतीने निर्माण केली, हे विसरता येणार नाही. पण निदान दोन्ही बाजूंना आपण काय देणार आणि काय घेणार हे ठाऊक असते. निरक्षर शेतकरी आणि निरक्षर सालदार जे बोलून घेतात ते देवपुरातील पदवीधर घर आणि त्याच्या दारी आलेली सातवी-आठवी शिकलेली बाई बोलून घेत नाहीत. शेतीतील माणसाची मजुरी हा शेतीचा खर्च आहे हे शेतकरी मान्य करतो. आजारी आईची शुश्रूषा हा 'खर्च' आहे असे म्हणणे मात्र नोकरदाराच्या जिवावर येते. जे कर्तव्य म्हणून स्वतः करावयाचे ते पैसे देऊन करवून घ्यावे लागते याची खंत मनात असते, आणि ती खंत लपविण्यासाठी पैशाची गोष्टच टाळली जाते. या टाळाटाळीची किंमत बाई मोजते.

कायद्याची या प्रश्नावरील मदत आजवर तुटपुंजीच राहिली आहे. पां. ना. राजभोज यांनी १९५९ साली राज्यसभेत घरगुती कामगारांच्या सेवाशर्तींविषयीचे विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. १९८० मध्ये पुण्याच्या मोलकरणींनी संप पुकारला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची रजा आणि दिवाळीचा बोनस या गोष्टी घरकामालाही लागू होतात, हे मध्यमवर्गाने प्रथम त्या बायांच्या तोंडून ऐकले. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. नोंदणी, थोडे साहाय्य, पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्यांना दहा हजार रुपयांचे सन्मानधन असे त्याचे स्वरूप आहे. कल्याण आणि वेतन या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामासाठी किमान वेतन जाहीर केले व नंतर आणखी काही राज्यांनी तोच मार्ग धरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली संमत केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा तिने घेतली. ठराविक अनुसूचित उद्योगांपुरतेच किमान वेतन ही जुनी मर्यादा तिने काढून टाकली, हे स्वागतार्ह आहे; तथापि 'आस्थापना' या शब्दाची तिची व्याख्या उद्योग, व्यापार, व्यवसाय चालतो त्या जागेभोवती फिरते, आणि घराचे नाव तीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घरगुती कामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकटीचा विचार करण्याकरिता समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. थोडक्यात, देवपुरातील त्या घरात कामगार अधिकारी येऊन दर सांगेल अशी स्थिती नाही. दर घरालाच ठरवायचा आहे, आणि म्हणूनच तो कसा ठरवावा हे पाहणे अगत्याचे आहे.

सुरुवात कोठून करावी? न्याय्य वेतनाचा पाया १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिला आहे. कामगाराच्या कुटुंबात तीन उपभोग-घटक धरावेत, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के असा तो हिशेब होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. हा हिशेब आजच्या भावांनी करू पाहणाऱ्याला लवकरच कळून येते की शेजाऱ्याने सांगितलेला आकडा त्याच्या जवळपासही फिरकत नाही. डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये, जुलै २०१८ च्या किमती धरून, राष्ट्रीय किमान वेतन दिवसाला ३७५ रुपये असावे अशी शिफारस केली होती. शासनाने ती स्वीकारली नाही. ती शिफारस बाजूला ठेवली आणि अगदी खालची पायरी धरली, तरी रोजगार हमीच्या अकुशल अंगमेहनतीसाठी महाराष्ट्राला २०२५-२६ सालाकरिता ठरवून दिलेला दर ३१२ रुपये होता. माती खणणाऱ्या माणसाच्या दिवसाची ही सरकारने मान्य केलेली किंमत होय. आजारी माणसाला सांभाळणारीच्या दिवसाची किंमत तिच्याहून कमी असावी, असे उघडपणे म्हणण्यास कोणी धजावणार नाही.

३१२ ला आठ तासांनी भागले की ताशी ३९ रुपये येतात. रोजचे पाच तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १३० तास होतात, म्हणजे ५,०७० रुपये. पुष्कळ सज्जन माणसे येथे थांबतात आणि आपण न्याय केला असे समजतात. अर्धवेळ कामाच्या बाबतीत नेमकी हीच जागा फसवी आहे.

देवपुरातील वाचकाला ही फसगत समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाची व्यथा या उपनगराच्या परिचयाची आहे. त्याला वर्गात उभा राहील तेवढ्याच तासाचे पैसे मिळतात. तासाची तयारी, दोन तासांमधील रिकामा वेळ, येण्याजाण्याची दगदग, उत्तरपत्रिका, सुट्टीचे महिने, यांतील काहीही हिशेबात धरले जात नाही. घड्याळी तासाची रक्कम कागदावर बरी दिसते, पण वर्षाअखेरीस हाती काय उरले हे पाहिले म्हणजे तो माणूस धड नोकरीत नसतो आणि धड बेकारही नसतो. या अन्यायाविरुद्ध मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, आणि ती योग्यच होती. आता त्याच घरातील शुश्रूषेच्या बाईकडे पाहावे. ती सकाळी साडेसहाला येते आणि साडेनऊला जाते. संध्याकाळी पाचला पुन्हा येते आणि सातला परतते. काम पाच तासांचे झाले, पण दिवस मात्र साडेबारा तासांचा बांधला गेला. मधल्या वेळात पूर्ण दिवसाचे दुसरे काम तिला धरता येत नाही. मिळाले तर धुण्याभांड्याचे एखादे घर मिळते. म्हणजे घर पाच तास विकत घेते आणि उरलेल्या तासांची किंमत कमी करून ठेवते. दिवसाच्या दराने काम करणाऱ्याला काम पुरेसे दिले नाही म्हणून कमी पैसे देऊ नयेत, हे तत्त्व १९४८ च्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही ते राखले आहे. दिवस तुटला तर त्याचा तोटा केवळ कामगारावर टाकू नये हा त्यामागील विचार आहे. घराला तो जसाच्या तसा लागू होत नसला तरी विचार म्हणून टाळण्यासारखा नाही.

तेव्हा ३९ रुपयांवर काय काय चढवावे? पहिली भर कारखान्यातील किंवा कार्यालयातील कामगाराला वेतनाबाहेर जे मिळते त्याची. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा १२ टक्के असतो. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर वर्षातून एका महिन्याचा पगार; दिवाळीला एक पगार द्यावा या रूढीचे मूळ याच हिशेबात आहे. उपदान दर वर्षाला पंधरा दिवसांचे, महिना सव्वीस दिवसांचा धरून, म्हणजे ४.८१ टक्के. तिन्ही मिळून पंचवीस टक्क्यांहून किंचित अधिक होतात. घरात काम करणाऱ्या बाईला यांतले काहीच मिळत नाही. म्हणून तेवढी रक्कम तिच्या तासातच घालणे प्राप्त आहे. ३९ चे ४९ झाले. दिवाळीचा पगार वेगळा देणाऱ्या घराने त्याचा भाग यातून वजा करावा, पण एकच गोष्ट दोनदा मोजू नये तशी दोन्हीकडून गाळूही नये. दुसरी भर येण्याजाण्याची. दोन खेपा घराच्या सोयीसाठी होतात. प्रत्येक खेपेचा अर्धा तास धरला तर रोजचे पाच तास सहा होतात आणि महिन्याचे १५६. तिसरी भर कामाच्या स्वरूपाची, आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

शुश्रूषा हे अकुशल काम आहे असे फक्त तेच म्हणू शकतात ज्यांनी ते कधी केलेले नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस न दुखविता बदलणे, त्याची पाठ रोज तपासणे, लुळ्या पडलेल्या बाजूने घास न देता दुसऱ्या बाजूने देणे, स्नान घालताना त्याची लाज राखणे, आज लघवी कमी झाली किंवा बोलणे जड झाले हे घरच्यांच्या आधी ओळखणे, हे सारे कोणी शिकविलेले नसते, तरी ते शिकलेले असते. इंजेक्शन देणे, नळी बदलणे ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे आहेत. ती या बाईकडून करवून घेणे हा पैसे वाचविण्याचा मार्ग नसून रोग्याच्या जिवाशी खेळ आहे, एवढेच त्याविषयी येथे म्हणणे पुरे. पण परिचारिका नाही म्हणजे मजूर, असे दोनच वर्ग जगात नसतात. अंगमेहनतीच्या दरावर किमान एक चतुर्थांश तरी या जाणतेपणासाठी वाढवावा. ४९ चे ६१ होतात, आणि १५६ तासांचे ९,५१६ रुपये. साध्या भागाकाराने आलेले ५,०७० आणि हे ९,५१६ यांतील अंतर जवळजवळ दुपटीचे आहे. यात कोठेही औदार्य दाखविलेले नाही, हे लक्षात घ्यावे. पायरी सर्वांत खालची धरली, चार आठवड्यांचे चार सुट्टीचे दिवस सोडले, आणि जे इतर कामगारांना मिळते तेवढेच मोजले. रोग्याला रविवार नसतो हे खरे; म्हणून सुट्टीच्या दिवशी बोलावले तर त्या दिवसाचे दुप्पट द्यावे, जसे जादा कामाचे कारखान्यात देतात.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "आई झोपलेलीच असते, बाई नुसती बसून असते," अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. परीक्षेच्या पर्यवेक्षकाला तीन तासांत कोणी नक्कल केली नाही म्हणून कोणी कमी मानधन देत नाही. उलट काही घडले नाही हेच त्याच्या कामाचे फळ मानले जाते. बसून असलेली बाई ही शेजारच्या खोलीतील वृद्ध पतीला दोन तास निर्धास्त झोपू देते, आणि हेच तिचे काम आहे. या बसण्याचा डोळ्यांत सल होतो म्हणून मग हळूहळू तिला भांडी सांगितली जातात, मग फरशी, मग पाहुणे आले तर चहा-पोहे. आजींसाठी आलेली बाई महिन्याभरात साऱ्या घराची होते आणि पगार मात्र आजींपुरताच राहतो. घरकाम हवे असेल तर त्याचा वेगळा दर सांगावा. जेवण, चहा, जुन्या साड्या यांचाही हिशेबात उल्लेख होऊ नये. कोणी आपल्या घरी जेवले तर त्याचे पैसे कापण्याची रीत खानदेशात नाही, आणि पाहुण्याला जे लागू तेच सकाळपासून राबणाऱ्या बाईलाही लागू असावे.

तिला 'मावशी' म्हणण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. मोलकरीण या शब्दातील हिणकसपणा त्यामुळे गेला, हे चांगलेच झाले. पण नाते जोडल्यावर पगार मागणे अवघड होते, आणि ही अडचण एकाच बाजूची असते. मावशी आजारी पडली तर घरचे नाते विसरून खाडा कापतात. घरच्यांना वेळेवर पैसे देणे जमले नाही तर मावशीने मात्र नाते आठवून गप्प राहावे अशी अपेक्षा असते. ज्या घरात खरोखरीची नात्यातील, बहुधा विधवा किंवा टाकलेली, स्त्री शुश्रूषेसाठी आणून ठेवतात तेथे तर बोलायलाच नको. तिला 'ठेवून घेतले' असे म्हणतात आणि तिच्या नावाने बँकेत एक रुपयाही पडत नाही. शुश्रूषेला मोल नाही ही समजूत याच घरांत जन्माला आली आणि तेथूनच ती दारी आलेल्या बाईपर्यंत पोहोचली. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात घालवतात असे आढळले. जे घरातील स्त्रीकडून फुकट मिळत आले त्याला पैसे मोजताना हात आखडतो, हे समजण्यासारखे आहे. समर्थनीय मात्र नाही.

आता दुसरी बाजू. साडेनऊ हजार रुपये हा आकडा वाचून अनेक निवृत्त वाचकांनी मान हलविली असेल, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. ज्यांना जुने निवृत्तिवेतन आहे त्यांनाही औषधांचा खर्च भागवून एवढी रक्कम दरमहा काढणे सोपे नाही. विनाअनुदानित शाळांत आयुष्य घालविलेल्यांना निवृत्तिवेतनच नाही, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांच्या म्हातारपणाविषयीचा वाद तर सर्वांना ठाऊक आहे. मग करायचे काय? येथे ऐपत आणि न्याय्य दर या दोन प्रश्नांची गल्लत होऊ देता कामा नये. पाच किलो तांदूळ परवडत नसेल तर माणूस तीन किलो घेतो, पाच किलो घेऊन तीन किलोंचे पैसे देत नाही. तेच येथे करावे. ऐपत कमी असेल तर तास कमी घ्यावेत. वर मांडलेल्या दराने केवळ सकाळचे तीन तास व एक खेप घेतली तर महिन्याला ५,५५१ रुपये होतात. साध्या भागाकाराने पाच तासांना जे देणार होतो त्याहून हे थोडेच अधिक आहे, आणि बाईचा उरलेला दिवस मोकळा राहून तिला दुसरे काम धरता येते. संध्याकाळचे दोन तास कोणी पाहायचे, हा प्रश्न मग कुटुंबापुढे त्याच्या खऱ्या रूपात उभा राहतो. तो उभा राहावा हेच बरे. पुण्यातील मुलाने आईसाठी महिन्यातून दोन दिवस बिनपगारी रजा घेतली तर त्याचे किती रुपये बुडतील, हे त्याला तोंडपाठ असते. त्या दोन दिवसांच्या रकमेत देवपुरातील संध्याकाळचे तास बहुधा महिनाभर भागतात. बाईचा पगार देवपूरच्या भावाने आणि मुलांची सुटका पुण्याच्या भावाने, असा हा दुहेरी बाजार आहे, आणि भावंडांनी एकदा कागद घेऊन बसल्याखेरीज तो उघड होत नाही.

राज्यसंस्थेनेही अंग काढून घेण्याचे कारण नाही. शंभर टक्के अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना मदतनिसासाठी सतत-परिचर्या भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, तो दरमहा ४,५०० वरून ६,७५० रुपये करण्यात आला. घरात माणूस ठेवावा लागतो आणि त्याला पैसे लागतात, हे सरकारने आपल्या माणसांपुरते मान्य केले आहे असा याचा अर्थ होतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात अधिक साहाय्याची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना महिना सहाशे रुपये देण्याची व्यवस्था झाली. रक्कम क्षुल्लक असली तरी तत्त्व मान्य झाले. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विमाच सुरू केला. २०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्या शुश्रूषेचा भार एका बाजूला निवृत्त शिक्षकाने आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याहून गरीब बाईने असा आपसांत वाटून घ्यावा, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही.

दर ठरला तरी काम संपत नाही. निवृत्तिवेतनावरील महागाई भत्ता दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांपासून फिरतो, आणि त्याच्या घोषणेकडे सारे घर डोळे लावून बसते. त्याच घरातील बाईचा पगार तीन तीन वर्षे तोच राहतो, कारण वाढ मागण्याची तारीख कोणीच ठरविलेली नसते. भत्ता वाढेल त्या टक्क्याने तिचाही दर वाढेल, असे एक वाक्य प्रारंभी बोलून ठेवले तर हा प्रश्न सुटतो. हक्काच्या रजा किती, पगार कोणत्या तारखेला, आणि रोगी पंधरा दिवस रुग्णालयात गेला तर त्या काळाचे काय, हेही त्याच वेळी सांगावे. रुग्णालयात गेलेल्या आजी परत येतील तेव्हा घराला हीच बाई हवी असते; तेव्हा त्या पंधरा दिवसांचा निदान निम्मा पगार तिला देणे घराच्याच हिताचे आहे.

या सर्वांहून अवघड गोष्ट शेवटची आहे, आणि तिच्याविषयी कोणीच बोलत नाही. ज्या दिवशी रोगी जातो त्याच दिवशी बाईची नोकरी जाते. घरात माणसे जमलेली असतात, मुले पहाटेच्या गाडीने आलेली असतात, आणि अंगणात एका कडेला ती उभी असते. कित्येकदा त्या मृत माणसाला अखेरचे पाणी तिनेच पाजलेले असते. महिन्याची अठरा तारीख असते. अठरा दिवसांचे पैसे मागण्याची ती वेळ नसते. दहाव्याला, तेराव्याला ती येऊन चार भांडी घासून जाते, तेव्हाही मागवत नाही. आणि चौदाव्या दिवशी मुले घराला कुलूप लावून, वडिलांना बरोबर घेऊन निघून जातात. कामावर ठेवताना, सगळे धडधाकट बोलत-चालत असताना, एवढे ठरवून घ्यावे की काम ज्या दिवशी संपेल त्या दिवसापर्यंतचा पगार आणि त्यावर एक महिन्याचा पगार तिला मिळेल, आणि तो कोणी द्यायचा त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव तिला सांगून ठेवलेले असेल.